तिसरा अंगठा

"काका, हा तिसरा अंगठा कोणाचा?"

पानांचे फोटो तपासणाऱ्या मुलीनं, म्हणजे तपासणीवालीनं, संगणकाचा पडदा करकच्यांकडे वळवला. पडद्यावर एका जुन्या प्रबंधाची दोन उघडी पानं होती. उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर करकच्यांचा उजवा अंगठा, डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर डावा. दोन्ही जाडजूड, दोन्हींच्या नखांच्या कडेला वर्षानुवर्षांची खळ वाळून बसलेली. आणि डाव्या पानाच्या वरच्या समासावर आणखी एक अंगठा टेकलेला होता.

"माझाच असेल," करकचे म्हणाले.

"असेल हो. तुम्हाला तीन हात आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच." ती हसली. "मदतीला कोणी घेतलं असेल तर सांगा ना. मॅडमना नाही कळू देणार मी."

"खोलीत मी एकटाच असतो."

"मग हा बघा, वरून आलाय. म्हणजे कोणीतरी कॅमेऱ्याच्या पलीकडे बसलं असणार."

"पलीकडे भिंत आहे, पोरी."

तिनं चित्र मोठं केलं. अंगठा बारीक होता, बाईमाणसाचा. नखाच्या मधोमध मुळापासून टोकापर्यंत उभी भेग होती. करकच्यांनी नाकावरचा चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला. भेग होती तिथेच होती.

"पुसून टाकते. त्यासाठी बटण आहेच," तपासणीवाली म्हणाली.

"थांब जरा," करकचे म्हणाले.

करकचे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या बांधणी विभागात ते पुस्तकं शिवायचे, आणि अशी करकचून शिवायचे की ती उघडताना वाचणाऱ्याच्या तोंडाला फेस यायचा. कुठल्याशा प्राध्यापकानं वैतागून ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं आडनाव फक्त पगारपत्रकावर उरलं. करकच्यांना त्याचा राग नव्हता. माझ्या हातचं पान मी मेल्यावरही सुटायचं नाही, असं ते छातीठोकपणे सांगत.

प्रबंध म्हणजे टाइप केलेल्या सुट्या कागदांचा गठ्ठा. त्याच्या कडेला दाभणानं आरपार भोकं पाडायची आणि दोरा ओवत जायचं. टाका आवळताना गठ्ठा फुगतो, म्हणून तेवढा वेळ पलीकडून कोणीतरी समास दाबून धरावा लागतो. ते काम त्यांच्या बायकोचं. टेबलाच्या अलीकडे हे, पलीकडे ती. सगळं ग्रंथालय तिला काकू म्हणायचं.

"धर," करकचे म्हणायचे, की काकू अंगठ्यानं समास दाबायची. टाका बसला की "सोड." ती सोडायची. दिवसभर टेबलावर एवढंच बोलणं. नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, नवरा-बायकोत अबोला आहे आणि कामापुरतं बोलताहेत.

"सोड" ऐकल्याशिवाय काकूनं अंगठा उचलला, असं कधी झालं नाही. एकदा साहेबांनी करकच्यांना मधेच बोलावलं. तिथून ते परस्पर चहाला गेले आणि गप्पांत असे रमले की कामाचा पत्ताच नाही. परत येऊन बघतात तर ही तशीच बसलेली, समास दाबून.

"अगं, हे काय?"

"तुम्ही सोड म्हणाला नाहीत."

अंगठा पांढराफटक पडला होता. हा किस्सा ग्रंथालयात वर्षानुवर्षं फिरला, दर वेळी चहाचे कप वाढत गेले. करकचे स्वतःही तो हसून सांगायचे. नखाची भेग मात्र पुढची. दाबयंत्रात एकदा अंगठा सापडला, नवं नख आलं ते दुभंगूनच.

काकूचं गाऱ्हाणं एकच असायचं. "अहो, इतकं आवळू नका. पुस्तक उघडावंही लागतं लोकांना." करकचे मान हलवायचे आणि आणखी एक फास घ्यायचे.

काकू गेली, बांधणी विभागही बंद झाला, आणि ग्रंथालयात डिजिटल भांडार उभारायचं ठरलं. जुना प्रत्येक प्रबंध संगणकात चढवायचा, म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेही बसून कोणालाही वाचता येईल. प्रकल्पाच्या मॅडम भल्या बाई होत्या. त्यांनी करकच्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, प्रकल्पावर घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नवंकोरं कटर दाखवलं.

"पुस्तकाची पाठ कापायची, की पानं सुटी. ती त्या स्कॅनिंगच्या मशीनमध्ये घातली की बघता बघता काम फत्ते."

"आणि कागद?"

"रद्दीत. ठेवायला जागा कुठे आहे?"

प्रबंधांच्या त्या कपाटांमध्ये एक टाका असा नव्हता, की ज्यावर तिचा अंगठा टेकला नव्हता. घरात तिचे कपडे होते, चपला होत्या, पण कपडे-चपला दुकानातून आलेल्या. तिनं हातानं केलेलं असं जगात होतं ते इथे, या कपाटांत. पण हे मॅडमसमोर बोलायचं कसं? ते एवढंच म्हणाले, "कापू नका."

"अहो, पण ती उघडतच नाहीत! दोष माझा आहे का? कापायची नसतील तर उसवा."

"शिवलेलं उसवणार नाही मी," करकचे म्हणाले. कापलं तर पाठ जाते, उसवलं तर टाकाच जातो. त्यांना दोन्ही नको होतं. "कॅमेऱ्याखाली उघडून धरतो एकेक पान. घ्या फोटो."

मॅडमनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही. विद्यापीठाची उन्हाळी सुट्टी संपेपर्यंत बघू म्हणाल्या. अट साधी होती. ओळ वाकडी येता कामा नये आणि चित्रात बोट दिसता कामा नये. नाही जमलं तर कटर.

कॅमेऱ्याची खोली म्हणजे पूर्वीची वर्तमानपत्रांची खोली. उजेडाची तिरीप पानावर पडू नये म्हणून खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, त्यामुळे भरदुपारीही आत अंधार. टेबल भिंतीला लावलेलं, वर दोन दिवे आणि मधे खाली बघणारा कॅमेरा. पुस्तक उघडायचं, दोन्ही हातांनी पानं दाबायची आणि पायानं पेडल दाबून फोटो घ्यायचा. पहिले काही दिवस करकच्यांच्या नाकीनऊ आले. स्वतःचेच टाके स्वतःशी कुस्ती खेळत होते. खालून दाबलं की डावं पान वरच्या अंगाला उठायचं. तिसरा हात हवा होता. अशाच एका दुपारी, घामाघूम झालेले असताना, त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "धर."

पान बसलं.

कागद आहे, बसला असेल, असं म्हणून त्यांनी पेडल दाबलं. पुढच्या पानालाही ते "धर" म्हणाले. तेही बसलं. काम झरझर होऊ लागलं आणि झरझर होणाऱ्या कामात माणूस फार चौकशा करत नाही. तपासणीवालीनं पडदा फिरवला नसता तर त्यांनी केलीही नसती.

त्या दिवशी पडद्यावरचं नख पाहून ते परत खोलीत आले आणि दार लोटून घेतलं. पुस्तक उघडलं. तोंडातून ब्र काढला नाही. डावं पान वरच्या अंगाला फणा काढून उभं राहिलं.

"धर," ते हळूच म्हणाले.

पान खाली बसलं. वरच्या समासावर, बोटभर जागेत, कागद किंचित दबला. त्यांनी हात पुढे करून चाचपलं. हाताला कागद लागला, त्यापलीकडे भिंत. नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. कॅमेऱ्याला तेवढं दिसत होतं.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या मागोमाग असा आनंद आला की त्यांना टेबलावर डोकं टेकून रडावंसं वाटलं. ते रडले नाहीत, कारण पानावर पाणी पडलं असतं आणि काकूनं ते खपवून घेतलं नसतं.

संध्याकाळी ते तपासणीवालीच्या खुर्चीशी जाऊन उभे राहिले. "ते बटण मला शिकव. माझी पानं मीच पुशीन."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. काकूला ती ओळखत होती. ग्रंथालयात ती लागली तेव्हा पहिला डबा तिनं काकूबरोबरच खाल्ला होता. नखाची ती भेग तिला आता आठवली असावी, कारण तिचा चेहरा एकदम उतरला.

"काका, मी असल्या गोष्टी मानत नाही," ती म्हणाली.

"मी तरी कुठे मानतो?"

"मग हे काय आहे?"

"काम चाललंय," करकचे म्हणाले. "तू बटण शिकव."

बटण सोपं होतं. अंगठ्याभोवती चौकट आखायची आणि दाबायचं. अंगठा जायचा, त्या जागी कागदाचा रंग भरायचा, जणू तिथे कधी कोणी नव्हतंच. अंगठा ठेवला तर पान नापास, पुस्तक कटरखाली. तिच्या हातचं पुस्तक वाचवायचं तर तिचाच हात पुसायचा, असा तो पेच होता. करकचे आधी स्वतःचे दोन अंगठे पटापट पुसायचे. मग तिसऱ्याशी थांबायचे. चौकट आखायचे, मोडायचे, परत आखायचे. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. इतक्या पानांत तिनं एकदाही अक्षरावर अंगठा ठेवला नव्हता. सगळे समासावर, काठाशी. त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यांनी मात्र कितीतरी तळटिपा गिळल्या होत्या आणि ती पानं त्यांना परत घ्यावी लागली होती.

"एक तरी ठेवू का तुमच्यासाठी?" तपासणीवालीनं एकदा विचारलं. "मोबाइलवर घालून देते."

"नको. उद्या आहेच की ती," करकचे म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून घाईघाईनं पुढच्या पानाकडे वळले.

दिवस बरे चालले होते. ते लवकर निघायचे, खोलीत शिरून दार लोटायचे आणि बोलत बसायचे. धर, हे बघ, हा तो उंदरांवरचा प्रबंध. धर. याचा पुठ्ठा तू उलटा लावला होतास, आठवतं? उत्तर येत नसे. उत्तर पूर्वीही फारसं येत नसेच. "सोड" मात्र ते कधी म्हणत नसत. पान उलटायचं, पुढच्याला "धर" म्हणायचं, आणि घरी जायची वेळ झाली की उघडं पुस्तक तसंच ठेवून गुपचूप दिवे मालवायचे. सोड म्हटलं आणि उद्या आलीच नाही तर, ही धास्ती.

"बाबा, हल्ली खुशीत दिसता," एका सकाळी मुलगी म्हणाली. ती परिचारिका होती, कामावर जायच्या गडबडीत उभ्या उभ्या चहा पीत होती.

"कामात जीव रमतो."

"रमू दे. आईलाही बरं वाटेल." ती पटकन बोलून गेली आणि तिचे डोळे भरले. आईच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तीच उशाशी होती. वेदनांनी काकूचं चिपाड झालं होतं. कुठल्याच औषधाचा उपयोग होत नव्हता, तरी जीव जात नव्हता. "बाबा," मुलगी तेव्हा म्हणाली होती, "तिला जा म्हणा. तुमच्यासाठी अडकलीय ती. रोज बघते मी अशी माणसं." करकच्यांनी बायकोचा हात हातात घेतला होता. त्यांनाही कळत होतं काय म्हणायचं ते. एकच शब्द होता. पण तोंडून दुसराच निघाला. "धर," ते म्हणाले होते. "धर गं, धर." तिनं धरलं होतं, आणखी काही दिवस. शेवटी ते तोंड धुवायला बाहेर गेले तेवढ्यात ती गेली. आयुष्यात पहिल्यांदाच न सांगता सोडलंस, असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि त्याचा त्यांना रागही आला होता.

सुट्टी निम्मी सरली. मग चित्रं बिघडायला लागली.

"काका, हे बघा," तपासणीवाली म्हणाली. आताशा ती करकच्यांच्या पानांकडे तिरक्या नजरेनंच बघायची. "पान छान आलंय. अंगठ्यापाशी तेवढं पुसट आहे. हलल्यासारखं."

अंगठा थरथरत होता. पुढच्या पानावर तो जास्त दाबलेला होता, शेंडा चपटा झालेला. त्यापुढच्या पानांवर नखाखालची लाली गेली होती. शेवटच्या चित्रात तो पांढराफटक होता. करकच्यांनी तसा अंगठा एकदा पाहिला होता, चहावरून परत आल्यावर. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. चौकट आखली, बटण दाबलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उकाडा होता. खोलीत शिरल्या शिरल्या करकच्यांनी पंखा लावला आणि दिव्याच्या बटणाकडे वळले. पाठीमागे फडफड ऐकू आली. काल उघडं ठेवलेलं पुस्तक पंख्याच्या वाऱ्यानं जागं झालं होतं. उजव्या बाजूची पानं उठत होती, पडत होती, एकमेकांवर आपटत होती.

डावं पान हलत नव्हतं.

करकच्यांनी दिवा लावला. डाव्या पानाचा खालचा कोपरा वाऱ्यानं थरथरत होता. वरचा समास टेबलाला शिवल्यासारखा बसला होता आणि तिथे कागद बोटभर दबलेला होता. आज त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. शेवटचं "धर" काल संध्याकाळी म्हटलेलं.

म्हणजे ते घरी गेले, जेवले, गाढ झोपले, आणि ही इथे अंधारात अंगठा दाबून बसलेली. कालचीच रात्र नव्हे. तिसरा अंगठा आल्यापासूनच्या सगळ्या रात्री. आणि त्याही आधीच्या, त्यांना आता लख्ख कळलं, अगदी दवाखान्यापासूनच्या. न सांगता तिनं सोडलं नव्हतंच. मरतानाही सोडलं नव्हतं. ती वाट बघत होती आणि हे कुठेतरी चहाला जाऊन बसले होते.

त्यांनी खोलीतल्या प्रबंधांच्या कपाटांकडे पाहिलं. निम्मी कपाटं अजून बाकी होती. करकचून शिवलेल्या पाठी ओळीनं उभ्या होत्या. ती मदतीला नसली की यातलं एकही पान सपाट यायचं नाही, हे काय त्यांना सांगायला हवं होतं?

पंखा फिरत होता. डाव्या पानावरचा दबलेला कागद थरथरत होता.

"अगं," करकचे म्हणाले. खुर्ची ओढून ते टेबलाशी बसले, रोज बसायचे तसे, तिच्यासमोर. "चुकलं माझं. सोड."

पान हललं नाही. त्यांच्या आवाजात तिला काही खोट वाटली असावी. इतक्या वर्षांत तो आवाज ती पुरता ओळखून होती.

"खरंच म्हणतोय," ते म्हणाले. "झाला टाका. बसला. सोड आता."

समासावरचा खळगा हळूहळू भरून आला. पान वरच्या अंगाला उठलं, क्षणभर उभं राहिलं, आणि मग पुस्तक आपल्या आपण मिटलं.

करकच्यांनी उठून जुन्या हत्यारांच्या डब्यातून छोटी सुरी आणि दाभण काढलं, ते पुस्तक मांडीवर घेतलं, पुठ्ठा सोडवला आणि पहिल्या गाठीखाली सुरीचं टोक घातलं. दोरा सहजासहजी तुटेना. स्वतःच्या हातचा आवळलेला होता.

दुपारी ते सुट्या पानांचा गठ्ठा घेऊन मॅडमसमोर उभे राहिले. "कापू नका. मी उसवतो सगळी. पानं मशीनमध्ये घाला, पण रद्दीत टाकू नका. मी पुन्हा शिवीन."

"एकटे?" मॅडमनी विचारलं. त्यांनाही काकू आठवत होती. "एकट्यानं घट्ट नाही व्हायचं हो ते."

"नाही व्हायचं," करकचे म्हणाले. "उघडेल तरी."

त्याच दिवशी त्यांनी उसवलेल्या पुस्तकाची उरलेली पानं कॅमेऱ्याखाली एकेक मांडून घेतली. सुटं पान आपसूक सपाट पडत होतं, धरायची काही गरज नव्हती. सवयीनं खाली एक हात ठेवला गेला, एवढंच. तोंडानं ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी तपासणीवालीनं पान पडद्यावर घेतलं आणि वरचा समास दोनदा मोठा करून पाहिला. तिथे नुसता कागद होता, आणि त्याच्या कडेला ओळीनं टाक्यांची रिकामी भोकं.

"आज एकच अंगठा आहे, काका," ती हळूच म्हणाली. "बटण तुम्ही दाबता?"

करकच्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग हातातला उसवलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत म्हणाले, "माझाच आहे. तूच पूस."